'तुम्ही माझे साक्षी व्हाल' : साक्षीदाराचं नेमकं काम काय?

शाईचा डाग (धागाकर्ती)

काही वर्षांपूर्वी एका अपघाताच्या खटल्यात मला साक्षीला बोलावलं होतं. अपघात मी डोळ्यांनी पाहिला, असं मी तोवर सगळ्यांना छातीठोकपणे सांगत आले होते. पिंजऱ्यात उभी राहिल्यावर समोरच्या वकिलांनी विचारलं, "धडक बसली तेव्हा तुम्ही तिकडे बघत होतात, की आवाज आल्यावर मान वळवलीत?"

मान वळवली होती. गाडी भरधाव होती, चूक तिचीच, ब्रेक लागलाच नाही, हे सगळं मी मागाहून जुळवलं होतं. इतक्या वेळा सांगितलं की ते पाहिल्यासारखंच वाटायला लागलं होतं. मी अडखळले तेव्हा न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "जेवढं पाहिलंत तेवढंच सांगा. निष्कर्ष काढायला आम्ही बसलोय."

पुढच्या रविवारी चर्चमध्ये उपदेशाला बायबलमधलं वचन होतं, प्रेषितांची कृत्ये १:८. येशू शिष्यांना सांगतो, 'तुम्ही माझे साक्षी व्हाल.' लहानपणापासून पाठ आहे. पण 'साक्षी' हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा पिंजऱ्यासकट ऐकू आला.

घरी येऊन मागची-पुढची वचनं वाचली. दोनच वचनं आधी शिष्य विचारतात, प्रभू, इस्राएलाचं राज्य तू आत्ताच परत स्थापन करणार का? उत्तर येतं की काळवेळ ठरवणं तुमच्याकडे नाही, तुम्ही साक्षी व्हाल. म्हणजे प्रश्न राज्याचा होता. तारीख मिळाली नाही, काम मिळालं. आणि कामही राज्य उभारायचं नाही!

आपल्या सभांमधून 'देवाचं राज्य उभारू या', 'राज्य वाढवू या' असं सर्रास ऐकू येतं. शुभवर्तमानांत मी क्रियापदं शोधत बसले. राज्य जवळ येतं, माणसं ते शोधतात, बालकासारखं स्वीकारतात, त्यात शिरतात, ते जाहीर करतात. बांधकामाचं क्रियापद माणसाच्या वाट्याला आलेलं मला तरी सापडलं नाही. मार्क ४ मधला शेतकरी बी टाकतो, झोपतो, उठतो. बी कसं रुजतं ते त्याला कळतही नाही.

मग साक्षीदाराने करायचं काय? माझ्या मते सगळ्यात नेमका धडा योहान ९ मधल्या जन्मांध माणसाकडून मिळतो. त्याला दृष्टी येते आणि लगेच चौकशी सुरू होते. शेजाऱ्यांत वाद, हाच का तो भीक मागणारा? परूशी, म्हणजे त्या काळचे कर्मठ धर्मपुढारी, त्याला बोलावतात. आईवडिलांना बोलावतात. ते घाबरून अंग काढून घेतात: "तो मोठा आहे, त्यालाच विचारा." पुन्हा याला उभं करतात आणि दरडावतात की ज्याने तुला बरं केलं तो पापी आहे, कबूल कर. याचं उत्तर असं: तो पापी आहे की नाही मला ठाऊक नाही. एक ठाऊक आहे, मी आंधळा होतो, आता मला दिसतं.

'मला ठाऊक नाही' हे तो किती सहज म्हणतो बघा. त्याच्या जागी मी असते तर ख्रिस्तशास्त्रावर अर्धा तास बोलले असते.

अजून एक कबुली. आमच्या प्रार्थनासभेत 'साक्षीची वेळ' असते. तिचा आता साचा झालाय: आधी अडचण, मग प्रार्थना, मग नोकरी लागली किंवा गाठ विरघळली. नोकरी गेली आणि गेलीच, तरी देव सोबत होता, अशी साक्ष मी आजवर दोनदाच ऐकली असेल. दोन्ही वेळा 'आमेन' जरा उशिरा आलं.

तर, ख्रिस्ती माणूस देवाच्या राज्याचा साक्षी म्हणजे तुमच्या दृष्टीने काय? ख्रिस्ती नसलेल्यांनीही जरूर लिहा. उलटतपासणीशिवाय साक्षीला किंमत नाही. धर्मांतराचा धागा नाही, हे आधीच सांगते.

मोजपट्टी

छान लिहिलंय. पण तुमच्याच गोष्टीने तुम्ही अडचणीत आलात. त्या आंधळ्याच्या बाबतीत निदान काहीतरी घडलं होतं. प्रेषितांनी पाहिलं, असं ते म्हणतात, तेही मान्य करू. तुम्ही काय पाहिलंत? जवळजवळ २००० वर्षांनंतरची तुमची साक्ष म्हणजे निव्वळ ऐकीव पुरावा. त्या न्यायाधीशांनी तुम्हाला दोन मिनिटांत खाली उतरवलं असतं.

कोरा कागद

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न: घरोघरी फिरतात ते 'यहोवाचे साक्षीदार' म्हणजे हेच का?

उंबरठा

@कोरा कागद, नाही. ती स्वतंत्र चळवळ आहे. यशया ४३:१० मधल्या 'तुम्ही माझे साक्षी आहा' या वचनावरून त्यांनी १९३१ साली हे नाव घेतलं. ते त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मानत नाहीत, त्यामुळे बाकीच्या मंडळ्यांशी त्यांचा मुळातच मतभेद आहे. पण मतभेद असले तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. नाझी छळछावण्यांत त्यांच्या कपड्यांवर जांभळा त्रिकोण असे. श्रद्धा सोडल्याच्या कागदावर सही केली तर सुटकेची वाट मोकळी होत असे. बहुतेकांनी ती केली नाही.

@मोजपट्टी, मुद्दा बिनतोड वाटतो खरा. पण योहान ९ पुन्हा वाचा. त्या माणसाने तरी येशूला कुठे पाहिलं होतं? येशूने चिखल त्याच्या डोळ्यांना लावला तेव्हा तो आंधळाच होता. शिलोहाच्या तळ्यावर जाऊन धुतल्यावर त्याला दिसायला लागलं, तेव्हा येशू तिथे नव्हता. चौकशी उरकून, बाहेर हाकलला गेल्यावर, म्हणजे पस्तिसाव्या वचनानंतर, तो येशूला पहिल्यांदा डोळ्यांनी बघतो. आधीची सगळी साक्ष न पाहिलेल्या माणसाबद्दल आहे. पुरावा म्हणून त्याच्याकडे फक्त स्वतःचे डोळे होते.

पहिल्या पिढीची साक्ष वेगळी, हे मात्र खरं. योहानाचं पहिलं पत्र सुरूच होतं ते 'ऐकलं, डोळ्यांनी पाहिलं, हातांनी चाचपलं' अशा शब्दांनी. ती साक्ष आज कोणी देऊ शकत नाही, ती आपण फक्त पुढे पोचवतो. नंतरच्या माणसाने सांगायचं ते एवढंच, की ते राज्य माझ्यापर्यंत येऊन पोचलं तेव्हा काय बदललं.

मोजपट्टी

पस्तिसाव्या वचनाचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. एक गुण तुम्हाला.

पण 'माझ्यात काय बदललं' हा पुरावा कुठल्याही धर्माचा, पंथाचा, झालंच तर व्यायामशाळेचाही माणूस देईल.

शाईचा डाग

देईल, आणि खुशाल द्यावा. म्हणून तर साक्षीदाराने निकाल लिहायचा नसतो.

अर्धवट

मी देव मानत नाही. तरी एक प्रसंग सांगतो, कारण धागा वाचल्यापासून तोच डोक्यात आहे.

आई शेवटचे अकरा महिने अंथरुणाला खिळून होती. समोरच्या घरात एक बाई राहायच्या, नियमाने चर्चला जाणाऱ्या. दर शनिवारी दुपारी त्या यायच्या आणि आईचे केस धुऊन द्यायच्या. पलंगाच्या कडेला मान घेऊन खाली बादली, मानेखाली गुंडाळलेला टॉवेल. एका हाताने डोकं तोलून धरायच्या, दुसऱ्या हाताने तांब्याने पाणी सोडायच्या. कानात पाणी जाऊ नये म्हणून करंगळीने कान दाबून धरायच्या. ती करंगळी मला अजून दिसते. मग केस पुसून, विंचरून, सैल वेणी. पाऊण तास लागायचा. आई तोवर कोणाला ओळखेनाशी झाली होती, त्यांना तर ती दर वेळी वेगळ्याच नावाने हाक मारायची. त्या प्रत्येक नावाला ओ द्यायच्या.

अकरा महिन्यांत त्या बाईंनी येशूचं नाव काढलं नाही. बायबल आणलं नाही. मीच शेवटी न राहवून विचारलं, तुम्ही हे का करता? म्हणाल्या, "माझे पाय कोणीतरी धुतलेत." मी त्यावर पुढे काही विचारलं नाही. संदर्भ खूप नंतर कळला: येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले होते.

आता सांगा, ही साक्ष का?

निवडुंग

ही साक्ष नसेल तर मग कशाला म्हणायचं?

(करंगळीपाशी थांबले जरा.)

पाचवा कोपरा

प्रसंग हेलावून टाकणारा आहे, पण मी थोडं कडू बोलणार आहे. ही सेवा आहे, साक्ष नव्हे. साक्षीला तोंड उघडावं लागतं. अर्धवट यांनी विचारलं नसतं तर त्या बाई एक चांगल्या शेजारीण म्हणून लक्षात राहिल्या असत्या, बस. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (१०:१४) प्रेषित पौल सरळ विचारतो, ज्याच्याविषयी ऐकलंच नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवतील, आणि घोषणा करणारा नसला तर ऐकतील कसे? आजकाल 'सुवार्ता जगून दाखवा, गरज पडली तरच शब्द वापरा' हे असिसीच्या संत फ्रान्सिसचं वाक्य भिंतीवर लावून सगळे मोकळे होतात. गप्प राहण्याला आध्यात्मिक मुलामा, दुसरं काही नाही.

उंबरठा

ते वाक्य फ्रान्सिसचं नाही. त्याच्या लेखनात किंवा सुरुवातीच्या चरित्रांत ते सापडत नाही. उलट तो गावोगाव तोंडाने उपदेश करत फिरायचा.

पण त्याने खरोखर जे लिहिलंय ते या वादाला जास्त उपयोगी आहे. १२१९ मध्ये, ऐन क्रुसेडच्या (ख्रिस्ती-मुस्लिम धर्मयुद्धाच्या) धुमश्चक्रीत, तो इजिप्तमध्ये दमिएत्ताजवळ सुलतान अल-कामिलला निःशस्त्र जाऊन भेटला, आणि सुखरूप परतला. त्यानंतर आपल्या संन्यासी संघाच्या १२२१ च्या नियमावलीत मुस्लिमांमध्ये जाणाऱ्या बंधूंसाठी त्याने राहण्याच्या दोन रीती दिल्या. एक, वादविवाद करू नये, देवासाठी प्रत्येकाच्या अधीन असावं आणि आपण ख्रिस्ती आहोत हे कबूल करावं. दुसरी, देवाला आवडेल असं दिसलं तर वचनाची घोषणा करावी. दोन्ही रीती त्याला मान्य होत्या. पहिल्या रीतीतसुद्धा 'कबूल करावं' आहे, हे पाचवा कोपरा यांच्या बाजूने जातं. आणि दुसरीला 'देवाला आवडेल असं दिसलं तर' ही अट आहे, हे त्या बाईंच्या बाजूने.

१ पेत्र ३:१५ हेही तसंच. तुमच्या आशेबद्दल *विचारणाऱ्याला* उत्तर द्यायला तयार असा, तेही सौम्यपणे. म्हणजे कोणी विचारावं असं जगणं आधी आलं. बाईंना विचारलं, त्यांनी चार शब्दांत उत्तर दिलं. जन्मांध माणसाचं उत्तरही फार लांब नव्हतं.

पाचवा कोपरा

फ्रान्सिसबद्दल चुकलो, मान्य. भिंतीवरून काढतो. (होय, आमच्याच भिंतीवर आहे.)

पण 'कोणी विचारेपर्यंत गप्प' हे प्रेषितांच्या कृत्यांत बसत नाही. चौथ्या अध्यायात धर्मसभा बजावते की बोलू नका. पेत्र आणि योहान म्हणतात, जे पाहिलं, ऐकलं ते न बोलणं आम्हाला शक्य नाही.

सुईदोरा

बोलण्याची दुसरी बाजू. माझा भाऊ अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर होता. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बहिणी. एक अनोळखी गृहस्थ आले, हातात पत्रक दिलं आणि म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही, आत्ता स्वीकार केलात तर तो उठेल. भाऊ उठला नाही. त्या माणसाला मी पुढे कधी पाहिलं नाही, पण 'आत्ता स्वीकार केलात तर' हे शब्द पुढची दोन वर्षं माझ्या बहिणीच्या डोक्यातून गेले नाहीत. आपण 'हो' म्हणालो असतो तर, असं तिला वाटत राहिलं.

त्याला साक्षीदार म्हणायचं?

शाईचा डाग

नाही. त्याने न पाहिलेलं सांगितलं. 'तो उठेल' हे त्याला ठाऊक नव्हतं. कोर्टात याला खोटी साक्ष म्हणतात, आणि दहा आज्ञांत त्यावर एक सबंध आज्ञा खर्ची पडली आहे. तुमच्या बहिणीला हे माझ्याकडून, एका ख्रिस्ती बाईकडून, जरूर सांगा.

पौलाने अशांसाठी २ करिंथ २:१७ मध्ये जो शब्द वापरलाय तो किरकोळ विक्रेत्याचा आहे, आणि त्या विक्रेत्याची ख्याती पाणी घालून द्राक्षारस विकणारा अशी होती. माल खपवायचा म्हटलं की भेसळ आलीच.

दुसऱ्याच्या दुःखाचा, गरिबीचा फायदा घेऊन किंवा आमिष दाखवून दिलेली साक्ष ही साक्ष नव्हे, हे आता चर्चसंस्थांनीही लेखी मान्य केलंय. २०११ मध्ये व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादाची परिषद, जागतिक चर्च परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स, एरवी एका खोलीत बसायला तयार नसलेले तिघेजण, यांनी मिळून याबद्दल आचरणाची तत्त्वं काढली. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना त्यांच्या असहायतेचा गैरफायदा घेतला जाणार नाही, हेही त्यात आहे. बाकावर पत्रकं वाटणाऱ्यांनी ती वाचली असतील का, हा प्रश्न वेगळा.

मोजपट्टी

व्यक्तींचं झालं. संस्थेचं काय? बायबल हातात घेऊन गुलामगिरीचं समर्थन झालं. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाला धर्मशास्त्राचा आधार चर्चनेच पुरवला. कसल्या राज्याची साक्ष ही?

उंबरठा

दुसऱ्याच राज्याची. यावर सारवासारव करण्यात अर्थ नाही.

एवढंच सांगतो की त्याविरुद्धची साक्षही त्याच घरातून आली. १९८२ मध्ये ओटावाला जगभरच्या रिफॉर्म्ड (प्रोटेस्टंटांमधली एक परंपरा) चर्चच्या संघाने वर्णभेदाचं धर्मशास्त्रीय समर्थन पाखंड ठरवलं आणि तसं समर्थन करणाऱ्या आपल्याच सदस्य चर्चचं सदस्यत्व स्थगित केलं. १९३४ मध्ये जर्मनीत बार्मेनला जमलेल्या प्रोटेस्टंट चर्चच्या प्रतिनिधींनी जाहीर केलं की चर्चने ऐकायचं ते येशू ख्रिस्ताचं, त्याच्या जोडीला दुसरा कुठलाही नेता किंवा सत्ता आम्ही देवाचं प्रकटीकरण मानणार नाही. हिटलर सत्तेवर येऊन दीड वर्षही झालं नव्हतं. पण त्याच निवेदनात ज्यूंच्या छळाबद्दल शब्द नाही. मसुद्यात मोठा वाटा असलेले धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांनी पुढे ही आपली चूक म्हणून मान्य केली. साक्ष खरी होती आणि अर्धी होती.

शाईचा डाग

अशा वेळी मला मराठीतला 'फितूर साक्षीदार' हा शब्द आठवतो. पहिला फितूर तर येशूचा शिष्य पेत्रच. येशूला अटक झालेली रात्र, प्रमुख याजकाच्या वाड्याचं अंगण, थंडी, शेकोटी, आणि उलटतपासणी घेणारी कोण, तर एक दासी. ना शपथ, ना शिक्षेची भीती घालणारा कोणी. तरी तीनदा 'मी त्याला ओळखत नाही'. आणि याच माणसाला पुढे साक्षीदारांत पुढे उभं केलं.

निवडुंग

अवांतर: पुनरुत्थानाची पहिली साक्ष बायकांनी दिली आणि लूक २४ म्हणतो की शिष्यांना ती वायफळ बडबड वाटली. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार योसेफस तर लिहून ठेवतो की बायकांची साक्ष ग्राह्य धरू नये. कोर्टात उभं राहूच न दिलेल्यांकडे ही गोष्ट आधी सोपवली गेली. चालू द्या.

कोरा कागद

शहीद म्हणजेही मुळात साक्षीदारच ना? अरबीत?

उंबरठा

हो, मूळ तेच. ग्रीकमध्येही तीच कथा. 'मार्तुस' म्हणजे साधा कोर्टातला साक्षीदार, त्याचा पुढे 'मार्टर' झाला. मराठी ख्रिस्ती लेखनात 'रक्तसाक्षी' म्हणतात, त्यात दोन्ही अर्थ जागे राहतात.

हा अर्थ कुठे वळला ते स्तेफनाच्या, म्हणजे पहिल्या ख्रिस्ती रक्तसाक्षीच्या, प्रसंगात दिसतं. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाप्रमाणे (१७:७) मृत्युदंडात पहिला हात साक्षीदारांनी उचलायचा. म्हणून कृत्ये ७ मध्ये दगड मारण्याआधी 'साक्षीदार' आपले अंगरखे काढून शौल नावाच्या तरुणाच्या पायाशी ठेवतात. पुढे तोच शौल, पौल होऊन, बाविसाव्या अध्यायात प्रार्थनेत म्हणतो, 'तुझा साक्षी स्तेफन' याचं रक्त सांडलं तेव्हा मी कपडे राखत होतो. शब्द तोच. दगड मारणाऱ्यांकडून काढून घेतलेला आणि दगड खाणाऱ्याला दिलेला.

अलीकडचं उदाहरण एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो. त्यांच्या रविवारच्या प्रवचनात त्या आठवड्यात कोणाला मारलं, कोण बेपत्ता झालं, ते नावानिशी सांगितलं जाई, आणि ते रेडिओवरून देशभर ऐकलं जाई. वर्तमानपत्रं जे छापत नव्हती ते हा माणूस वेदीपासून वाचून दाखवत होता. २४ मार्च १९८० ला मिस्सा (कॅथलिक उपासना) चालू असताना त्यांना गोळी घातली. पाहिलं ते सांगणं एवढंच साक्षीदाराचं काम, असं धागाकर्ती म्हणतात तेव्हा ते सोपं वाटतं. त्याची किंमत ही.

पाचवा कोपरा

बघा, रोमेरो *बोलले*.

निवडुंग

आणि त्या बाई गप्प राहिल्या. मला दोघंही हवेत. तुम्हाला एकच का हवंय?

पाचवा कोपरा

कारण माझ्या अनुभवात 'दोन्ही हवं' म्हणणारे शेवटी सोपं तेवढंच करतात. केस धुणंही नाही आणि बोलणंही नाही. मी स्वतःला धरूनच म्हणतोय.

मोजपट्टी

हा प्रतिसाद या धाग्यातली सगळ्यात प्रामाणिक साक्ष. :)

अर्धवट

इतकी चर्चा झाल्यावर राहवलं नाही. काल त्या बाईंना फोन केला. दुसरीकडे राहायला गेल्यात, पण आवाज तोच. इथला वाद थोडक्यात सांगितला आणि विचारलं, तुम्ही तेव्हा साक्ष देत होतात का?

बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एक सांगू का, रागावू नका. दर शनिवारी वेणी घालताना मी तुमच्या आईसाठी मनात प्रार्थना करायचे. शेवटच्या पेडाला तुमच्यासाठीही. तुम्हाला सांगितलं नाही. ते चुकलं का हो माझं?"

मी 'नाही नाही' म्हणून फोन ठेवला. आता मला राग आलाय की नाही तेच कळत नाहीये.

शाईचा डाग

ठरलं की लिहा. राग आला असेल तरी लिहा.

अर्धवट

लिहितो. चार दिवस द्या.